वडिलोपार्जित माणिक आणि पाचू: नीट मूल्यांकन कसं करून घ्यावं? (नाशिक)

गोदाकाठ
घरच्या वाटणीत दोन वस्तू अडकून बसल्या आहेत. पहिली म्हणजे सोन्याच्या अंगठीतला लंबगोल लाल खडा. कोंदण मागून पूर्ण बंद आहे. दुसरी म्हणजे सुटा पाचू. त्याच्या पुडीवर शाईने 'पाचू ४॥ रत्ती' (साडेचार रत्ती, रत्ती हे जुनं वजन) एवढंच लिहिलं आहे, पावती नाही.

सराफ बाजारात तीन पेढ्यांवर दाखवलं. तीन आकडे आले, त्यातला सर्वात मोठा सर्वात लहानाच्या चौपट. लिहून द्यायला कुणी तयार नाही. वाटेकरी तिघं. एकाला अंगठी ठेवून तिचा विमा काढायचा आहे, एकाला पाचू विकायचा आहे, तिसऱ्याचं म्हणणं आधी किंमत कळू दे. सुरुवात कुठून करायची? नाशिकमध्ये काय होतं आणि मुंबईला काय न्यावं लागतं?

पारखी_नजर
चौपट फरकाचं नवल वाटून घेऊ नका. पेढीवर मिळाला तो 'आम्ही एवढ्याला घेऊ' असा भाव. घेणारा माणूस न तपासलेल्या खड्याचा सगळा धोका आपल्या बाजूने कापून घेतो. एकाने तो माणिक धरला असेल, दुसऱ्याने चिरांत काच भरलेला माणिक, तिसऱ्याने गार्नेट हा वेगळाच लाल दगड. तिघं आपापल्या जागी बरोबरच आहेत.

तुमच्या कामाचे तीन टप्पे आहेत आणि ते सहसा तीन वेगळ्या माणसांकडून होतात. हा दगड कोणता आणि निसर्गातला की कारखान्यातला, हा पहिला. त्याच्यावर काही प्रक्रिया झाली आहे का, हा दुसरा. मग तिसरा, किंमत. पहिले दोन प्रयोगशाळेचे, तिसरा मूल्यांककाचा. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर किंमत नसते, आणि असली तर तो कागद संशयानेच वाचावा. उलट, पहिल्या दोन टप्प्यांशिवाय कुणी किंमत लिहून दिली तर त्या कागदाला शाईइतकंच मोल.

किंमत विचारण्याआधी ती कशासाठी हवी हे ठरवा. विम्याला लागते ती आज दुकानातून तसाच खडा पुन्हा घ्यायचा झाला तर पडेल ती किंमत. वाटणीला लागते ती जाणकार विकणारा आणि जाणकार घेणारा, दोघांनाही घाई नसताना ठरेल ती. आणि उद्याच पैसे हवे असतील तर हातात पडेल ती तिसरीच. एकाच खड्याच्या या तीन किमती शेजारी मांडल्या तर पहिली तिसरीच्या दुप्पट-तिप्पट सहज निघते. विम्याच्या कागदावरचा आकडा घेऊन वाटणी केली की पाचू विकणाऱ्या वाटेकऱ्यावर अन्याय झालाच म्हणून समजा.

वाचनमात्र
धाग्याला वाचनखूण लावली. आमच्याकडे एका दुकानात खड्याला पेनसारखं यंत्र लावलं, ते वाजलं आणि 'असली आहे' म्हणाले. ते काय असतं?

पारखी_नजर
तो उष्णता-वाहकतेचा टेस्टर. हिरा आणि अमेरिकन डायमंड वेगळे काढायला तो बरा. माणिकाच्या बाबतीत फार तर 'काच नाही' एवढं सांगेल. खाणीतला माणिक आणि कारखान्यातला माणिक दोन्ही अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच, त्यामुळे यंत्राला दोन्ही सारखेच. नीलम दुधात टाकून दूध निळं दिसतं का बघणं, काचेवर ओरखडा काढणं, फुंकर मारून वाफ किती वेळात उडते ते मोजणं, हे सगळं त्याच पंक्तीतलं. कृत्रिम नीलमही काचेवर ओरखडा काढतो. आणि खरा पाचू असा घासला तर पैलूच्या कडेचा टवका उडतो, तपासणी राहते बाजूला.

भिंगवाला
नाशिकमध्ये काय होऊ शकतं ते लिहितो. कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, गंगापूर रोड या भागात आणि सराफ बाजारातही रत्नशास्त्राचं शिक्षण घेतलेली माणसं आहेत. पेढीचं नाव न विचारता 'तुमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश खड्यात किती वळतो ते मोजणारं यंत्र) आणि मायक्रोस्कोप आहे का' हे विचारा. नुसतं दहा पटीचं भिंग असलेला माणूस पारखी असू शकतो, पण लेखी काही देण्याइतकं भिंगाने दिसत नाही.

प्राथमिक तपासणीत काय पाहतात?

वक्रीभवनांक, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर दिसणारा आकडा. माणिक, नीलम आणि बाजारात पुष्कराज म्हणतात तो पिवळा खडा, तिन्ही कोरंडम या एकाच खनिजाचे. त्याला दोन वाचनं मिळतात, साधारण १.७६२ आणि १.७७०, म्हणजे फरक ०.००८ च्या आसपास. स्पिनेल हा माणिकासारखा दिसणारा वेगळा दगड, त्याचं वाचन एकच, १.७१८ च्या जवळ. पाचू बहुधा १.५७७ ते १.५८३. लाल काच कुठेही पडते पण तिलाही वाचन एकच. रिफ्रॅक्टोमीटरला सपाट, सुटा पैलू लागतो. कॅबोशॉन म्हणजे घुमटाकार खडा असेल तर अंदाजेच वाचन मिळतं, आणि १.८१ च्या वरचं यंत्राला दिसतच नाही.

पोलॅरिस्कोप आणि डायक्रोस्कोप. पहिल्याने खडा प्रकाश दुभंगतो का ते कळतं, दुसऱ्याने रंगाच्या छटा. डायक्रोस्कोपखाली माणिक फिरवला की जांभळट लाल आणि केशरट लाल अशा दोन छटा दिसतात. स्पिनेल, गार्नेट, काच यांना एकच छटा. हे महत्त्वाचं का, तर काही गार्नेटचा वक्रीभवनांक माणिकाच्या इतका जवळ येतो की नुसत्या एका आकड्यावर चकवा बसतो.

विशिष्ट गुरुत्व. कोरंडम ४.००, स्पिनेल ३.६०, पाचू २.७२ च्या आसपास. खडा हवेत आणि पाण्यात तोलून काढतात, म्हणून सुटाच लागतो. एक कॅरटच्या (२०० मिलिग्रॅम) आतल्या खड्याला पाण्यात हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी उत्तर बिघडतं.

मायक्रोस्कोप. खरा निकाल इथे लागतो. ज्वालेत वितळवून केलेल्या कृत्रिम माणिकात वाढीच्या रेषा कमानीसारख्या वक्र असतात, सोबत वायूचे गोल बुडबुडे. निसर्गातल्या खड्यात त्या रेषा सरळ आणि कोनात मोडणाऱ्या. सुयांसारखं रेशीम दिसलं, आणि त्या सुया अखंड, टोकदार असतील तर फार तापवलेला नाही असं मानायला जागा आहे. सुया तुटून ठिपके झाले असतील, स्फटिकांभोवती बशीसारख्या चिरा पडल्या असतील तर भट्टीचा संशय.

अतिनील दिवा आणि चेल्सी फिल्टर (रंग गाळून दाखवणारी काच) या मदतनीस गोष्टी. पाचू फिल्टरखाली लाल दिसला म्हणजे खरा, हा समज अजून जिवंत आहे. कृत्रिम पाचू पुष्कळदा जास्तच लाल दिसतो, आणि लोह जास्त असलेला खाणीतला पाचू हिरवाच राहतो.

सराफकट्टा
भिंगवाल्यांनी प्रकाशाचं राहू दिलं. रंगीत खड्याची निम्म्याहून जास्त किंमत रंगात असते आणि आपल्या पेढ्यांवर पिवळे दिवे. त्या उजेडात माणिक निखाऱ्यासारखा पेटतो आणि निळा नीलम काळवंडतो. लाल किंवा गुलाबी पुडीच्या कागदावर ठेवून दाखवला तर आणखी चढतो. दिवसा दहा ते तीनच्या दरम्यान, ऊन थेट पडत नाही अशा उत्तरेच्या खिडकीशी, पांढऱ्या कागदावर बघा. मग घरच्या पिवळ्या दिव्याखाली बघा. मूल्यांकक दोन्ही उजेडांत रंग नोंदवतो का याकडे लक्ष ठेवा.

रंग नोंदवणं म्हणजे 'छान लाल' नव्हे. मूळ छटा आणि तिच्यात मिसळलेली दुय्यम छटा, गडदपणा किती, रंगाची तीव्रता किती, असं वेगवेगळं लिहावं लागतं. वरून पाहताना मध्यभागातून खालचा कागद आरपार दिसतो का, तेही. त्याला व्यापारात विंडो म्हणतात. खडा उथळ कापला की विंडो पडते, आणि वजन तेवढंच असूनही भाव खाली येतो.

गोदाकाठ
खूप उपयोगी. अंगठीचं कोंदण बंद आहे, मग यातलं किती होईल? आणि पाचू स्वच्छ करून न्यायचा का?

जडावकाम
आधी पाचू, कारण नुकसान तिथे होतं. कोमट पाणी, साध्या साबणाचा एक थेंब, मऊ कुंचला, बस्स. पेढीवर 'मशीनमध्ये टाकून देतो' म्हणाले तर हात धरा. अल्ट्रासॉनिक आणि वाफ दोन्ही वर्ज्य. बहुतेक पाचूंच्या चिरांत तेल किंवा राळ भरलेली असते. देवदार-तेल हे त्यातलं जुनं, चालत आलेलं. यंत्रात ते निघून जातं आणि सकाळी स्वच्छ दिसणारा खडा संध्याकाळी जाळं पडल्यासारखा दिसतो. अ‍ॅसिटोन, स्पिरिट, थिनरही नको.

आता अंगठी. बंद कोंदणामागे काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. जुन्या कामात खड्याखाली चकाकी यावी म्हणून वर्ख घालत, कधी रंग लावत. वर्खाने फिका खडा गडद दिसतो. दोन थर एकत्र जोडलेला जोडखडाही असतो, म्हणजे वर गार्नेटची चकती आणि खाली काच. बाजूने पाहायला जागाच नसल्याने जोडाची रेघ कोंदणात लपते. म्हणून बंद कोंदणावर कुणी 'ब्रह्मदेशी माणिक, बिनतापवलेला' असं लिहून देत असेल तर तो रत्नशास्त्र सोडून ज्योतिष सांगतोय.

कोंदण उघडायला साधा सोनार नको, जडावाचं काम करणाराच हवा. सोन्याची कड हाताने, थोडी थोडी उचलायची. फुंकणी किंवा टॉर्च खड्याजवळ येता कामा नये. माणिक शिसेकाचेने भरलेला असेल तर ज्योतीने काच वितळून बाहेर येते. सोल्डरनंतर आम्लात टाकला तरी काच खाल्ली जाते, अगदी लिंबाचा रसही तिच्यावर डाग पाडतो. अंगठीचं माप लहान-मोठं करतानाच असे खडे सर्वात जास्त बिघडतात आणि दोष येतो कारागिरावर.

उघडण्याआधी तिन्ही वाटेकऱ्यांची लेखी संमती घ्या. अंगठीचं एकूण वजन, उघडताना फोटो, सुट्या खड्याचं वजन, उरलेल्या सोन्याचं वजन, सगळं एकाच कागदावर उतरवून घ्या. कोंदण ऐतिहासिक किंवा खास घडणीचं असेल तर ते मोडण्याने दागिन्याची किंमत कमी होते, तेव्हा आधी ते एकदा पाहून घ्यावं.

पारखी_नजर
जुना दागिना म्हणजे खडा खाणीतलाच, असं धरून चालू नका. ज्वालेतून कृत्रिम माणिक बनवण्याची व्हर्नुईची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली. शंभर वर्षांपूर्वीच्या नथीत, कुड्यांत, अंगठीत कारखान्याचा माणिक निघणं अजिबात दुर्मीळ नाही. त्या काळी तो नवलाईचा माल होता, घेणाऱ्याला फसवलं गेलं असंही नेहमी नसतं. दुसरीकडे, 'माणिक' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपलेला खडा स्पिनेल निघाला तर लगेच वाईट वाटून घेऊ नका. ब्रिटिश राजमुकुटातला तो प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सेस रूबी' स्पिनेलच आहे, आणि चांगल्या लाल स्पिनेलला आज स्वतःचा भाव आहे.

पुष्कर_पंचवटी
थोडं अवांतर. माझ्याकडे पुष्कराजासोबत प्लास्टिकचं कार्ड मिळालं. 'नॅचरल यलो सफायर' लिहिलं आहे, फोटो आहे, वजन आहे. हे पुरेसं नाही का? त्र्यंबकला तर बहुतेक खड्यांसोबत असलंच कार्ड देतात.

भिंगवाला
'नॅचरल' या शब्दाचा अर्थ एवढाच की दगड जमिनीतून निघाला. पुढे त्याला काय काय केलं, ते वेगळ्या रकान्यात असतं. तुमच्या कार्डावर 'ट्रीटमेंट' किंवा 'कॉमेंट' असा रकाना आहे का पाहा. नसेल, किंवा तिथे रेघ ओढलेली असेल, तर ते तपासलंच नाही असं धरा.

पिवळ्या खड्यात हे जास्तच महत्त्वाचं. साधं तापवणं पूर्वीपासून चालत आलंय आणि बाजार ते मान्य करतो, उघडपणे सांगितलं असेल तर. पण २००१-०२ च्या सुमारास बेरिलियम आत मुरवून रंग आणलेले खडे थायलंडमधून बाजारात उतरले. फिका, जवळजवळ पांढरा कोरंडम भट्टीतून सोनेरी पिवळा होऊन येतो. बेरिलियम इतकं हलकं मूलद्रव्य आहे की नेहमीच्या क्ष-किरण यंत्राला, म्हणजे एक्सआरएफला, ते दिसत नाही. त्यासाठी बहुधा लेसरने अतिसूक्ष्म खड्डा पाडून वस्तुमान मोजणारं यंत्र लागतं, एलए-आयसीपी-एमएस. ते ठरावीक प्रयोगशाळांतच असतं आणि साध्या कार्डाच्या फीमध्ये ते होत नाही.

शब्दाचा आणखी एक घोळ. कोशात पुष्कराज म्हणजे टोपाझ असंही सापडतं. पावतीवर नुसतं 'पुष्कराज' असेल तर दुकानदार उद्या टोपाझ दाखवून मोकळा. खनिजाचं नाव लिहून घ्या, कोरंडम.

सराफकट्टा
आणि हॉलमार्क म्हणजे खड्याची हमी असंही पुष्कळांना वाटतं. सहा अक्षर-अंकांचा तो एचयूआयडी सोन्याच्या शुद्धतेपुरता. खड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मुंबईपर्यंत
आता प्रयोगशाळा. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि आयजीआय (इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट) हे दोन नेहमीचे पर्याय. जयपूरला रत्न-आभूषण निर्यात परिषदेने उभी केलेली जेम टेस्टिंग लॅबोरेटरी आहे, आता तिचं नाव आयआयजीजे-आरएलसी. जयपूर रंगीत खड्यांचं, त्यातही पाचूचं केंद्र असल्याने तिथल्या लोकांच्या नजरेखालून भरपूर माल जातो.

खडा देताना फॉर्मवर नेमकं काय मागायचं ते महत्त्वाचं. नुसतं 'आयडेंटिफिकेशन' मागितलं तर 'नॅचरल एमराल्ड' असा एका ओळीचा रिपोर्ट येईल. पाचूसाठी चिरा भरल्या आहेत का, भरणी तेलाची की राळेची, आणि प्रमाण किती, एवढं मागा. प्रमाण साधारण नगण्य, किरकोळ, मध्यम, लक्षणीय अशा पायऱ्यांत लिहितात, नेमके शब्द प्रयोगशाळेगणिक बदलतात. राळ आणि तेल वेगळं काढायला अवरक्त वर्णपटमापक, म्हणजे एफटीआयआर, लागतो. माणिकासाठी तापवल्याच्या खुणा आहेत का, चिरांत काच आहे का, असल्यास किती. रिपोर्टवर 'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' असं आलं तर त्याचा अर्थ 'तापवल्याच्या खुणा सापडल्या नाहीत'. 'कधीच तापवला नाही' अशी ती हमी नव्हे. हा फरक भाषेचा वाटतो, पण वादात तोच कामी येतो.

उगमस्थान, म्हणजे म्यानमार, मोझांबिक, कोलंबिया, झांबिया वगैरे, हवं असेल तर वेगळं मागावं लागतं आणि वेगळे पैसे पडतात. ते तज्ज्ञांचं मत असतं, आधारासह दिलेलं, पण मतच. कोलंबियाच्या पाचूत घन, द्रव, वायू असे तिन्ही एकत्र दिसणारे पोकळ अंश प्रसिद्ध आहेत. अफगाणिस्तानच्या पंजशीर पाचूतही तसे सापडतात. त्यामुळे एका खुणेवर देश ठरत नाही आणि दोन प्रयोगशाळा एकाच खड्याला दोन देश देऊ शकतात.

कोरडा_हिशोब
मग स्वित्झर्लंडलाच का पाठवू नये? मोठ्या लिलावांत तर एसएसईएफ आणि ग्युबेलिन या तिथल्या प्रयोगशाळांचेच रिपोर्ट दिसतात.

मुंबईपर्यंत
दिसतात, कारण तिथे येणारे खडे त्या खर्चाला पुरून उरतात. माझा ठोकताळा असा: मुंबई किंवा जयपूरच्या रिपोर्टवर माणिक नैसर्गिक, तापवल्याच्या खुणा नाहीत, वजन दोन-तीन कॅरटच्या वर, रंग जोरदार, एवढं जुळून आलं तरच बासल, ल्युसर्न (त्या दोन स्विस प्रयोगशाळांची गावं) किंवा बँकॉकचा विचार. काश्मीरच्या नीलमचा संशय असेल तर मात्र लगेच करा. तिथली मुख्य खाण १८८० च्या दशकात काही वर्षांतच उपसली गेली, आणि 'काश्मीर' या एका शब्दावर किंमत कित्येक पट हलते, म्हणून दोन स्वतंत्र रिपोर्ट घेण्याची रीत आहे.

स्वतः घेऊन जात असाल तर विमानतळावर निघण्याआधी कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, वजन-मापं-फोटोसह. नाहीतर परत येताना आपल्याच खड्यावर शुल्काचा प्रश्न उभा राहतो.

कोरडा_हिशोब
पटलं. 'पिजन ब्लड' (माणिकाच्या जोरदार लाल रंगाचं व्यापारी नाव) लिहिलेला रिपोर्ट मात्र डोळे झाकून घेऊ नये. प्रत्येक प्रयोगशाळेची त्या शब्दाची व्याख्या आपली आपली आहे. एकीकडे मिळतो, दुसरीकडे मिळत नाही.

सीए_शरणपूर
मूल्यांककाबद्दल. प्राप्तिकर खात्याकडे दागिन्यांसाठी नोंदणी झालेला मूल्यांकक निवडा. अहवाल ओ-८ नमुन्यात दिले जात आले आहेत. संपत्ती कर गेला तरी ही नोंदणी कामाची राहिली. 'आयबीबीआय (केंद्राचं दिवाळखोरी मंडळ) रजिस्टर्ड व्हॅल्युअर' असं कुणी सांगितलं तर गडबडू नका. त्या नोंदणीचे वर्ग तीन: जमीन-इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. दागिने त्यात नाहीत.

जो खडा विकत घ्यायला तयार आहे त्याच्याकडून मूल्यांकन नको. फी आधी, ठोक ठरवा. आकडा फुगला की फीही फुगते अशी बोली झाली तर अहवाल कुणाच्या बाजूने झुकेल हे सांगायला नको.

अहवालात कमीत कमी एवढं असावं: मूल्यांकनाचा हेतू, कोणत्या प्रकारची किंमत, कोणत्या तारखेची, प्रयोगशाळेच्या रिपोर्टचा क्रमांक, कॅरटमध्ये दोन दशांशांपर्यंत वजन, लांबी-रुंदी-खोली मिमीमध्ये, रंगाचं वर्णन, प्रक्रिया, प्रति कॅरट दर आणि तो कशावरून काढला. हिऱ्यांना रॅपापोर्टचा दरतक्ता असतो, रंगीत खड्यांना तसा सर्वमान्य तक्ता नाही. म्हणून तुलनेला घेतलेले व्यवहार, व्यापाऱ्यांचे दर, लिलावातले भाव यांचा उल्लेख हवा. 'बाजारभावानुसार' एवढ्यावर भागवलं असेल तर परत पाठवा. आणखी एक, १, २, ३, ५ कॅरट या उंबरठ्यांवर प्रति कॅरट दर उडी घेतो. १.९८ आणि २.०२ कॅरट यांत फरक चार शतांशांचा, पण दराची पायरी वेगळी पडू शकते.

पाचू विकणाऱ्यांसाठी: वस्तू १ एप्रिल २००१ पूर्वी कुटुंबात आलेली असेल तर खरेदी किमतीऐवजी त्या तारखेची वाजवी बाजारकिंमत धरता येते. म्हणजे त्याच मूल्यांककाकडून दोन तारखांचे आकडे घ्या, आजचा आणि २००१ चा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा लाभ नाही, त्यामुळे २००१ चा आकडा नीट आधाराने आला पाहिजे. वारसाने आलेल्या वस्तूत आधीच्या मालकाचा काळही मोजला जातो.

अंगठी लॉकरमध्ये ठेवणार असाल तर एक विसरू नका. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. वेगळा विमा त्यासाठीच. आणि सोनेतारण करायला गेलात तर खड्याचं वजन वजा होतं, त्याची किंमत शून्य धरतात, तेव्हा तो कागद मूल्यांकन म्हणून दाखवू नका.

जडावकाम
खडा बदलला जाण्याची भीती सगळ्यांना असते, बोलत कुणी नाही. उपाय सोपा आहे. द्यायच्या आधी शतांश कॅरट दाखवणाऱ्या काट्यावर वजन, डिजिटल कॅलिपरने मापं, आणि मायक्रोस्कोपमधून आतल्या दोन-तीन ठळक खुणांचे फोटो. पाचूच्या आतली 'बाग', म्हणजे चिरा आणि अंशांचं जाळं, बोटाच्या ठशासारखी असते, दुसऱ्या पाचूत तशीच सापडायची नाही. कॅलिपरचे धातूचे जबडे पाचूच्या कडेवर आवळू नका. पोचपावतीवर 'एक हिरवा खडा' असं लिहून घेऊ नका, वजन आणि मापं लिहून घ्या. परत घेताना तिथेच पुन्हा तोला.

जुना रिपोर्ट असला तरी मापं जुळवाच. मधल्या काळात खडा पुन्हा पॉलिश केला असेल तर वजन कमी भरतं आणि तो रिपोर्ट त्या खड्याचा राहत नाही.

मुंबईपर्यंत
न्यायचं कसं तेही. साधं कुरिअर दागिने-रत्नं घेत नाही, आणि खोटं वर्णन लिहून पाठवलं तर हरवल्यावर दाद नाही. मौल्यवान मालाची विम्यासह वाहतूक करणाऱ्या कंपन्या आहेत. नाहीतर दोघांनी मिळून सकाळची पंचवटी एक्सप्रेस. दादरला उतरून पश्चिम मार्गाने चर्नी रोड किंवा वांद्रे, प्रयोगशाळा जिथे असेल तसं. आधी वेळ ठरवून जा, खडा त्याच दिवशी परत मिळेलच असं धरू नका.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. कोंदण अजून उघडलेलं नाही. वरून लांबी ९, रुंदी ७ मिमी भरते. खोली कारागिराने अंदाजे ४.५ सांगितली. यावरून वजन काढता येतं का? आणि पाचू आज काट्यावर ठेवला, २.७४ कॅरट भरला. साडेचार रत्तीचा कॅरटमध्ये हिशोब एका पेढीवर ४.१० सांगितला होता. म्हणजे खडा बदलला गेलाय की काय?

भिंगवाला
माणिकाचं आधी. लंबगोल खड्याचं सूत्र: लांबी-रुंदीची सरासरी, तिचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले विशिष्ट गुरुत्व, गुणिले ०.००२०. सरासरी ८, वर्ग ६४, खोलीने गुणून २८८. कोरंडम असेल तर २८८ × ४.०० × ०.००२० = २.३० कॅरट. स्पिनेल असेल तर ३.६० धरून २.०७. दगड कोणता हे कळेपर्यंत वजनसुद्धा दोन आकड्यांत राहतं ते असं. खालचा भाग फुगीर असेल तर आणखी दहा टक्के इकडे-तिकडे. मूल्यांककाने यावर आकडा दिला तर 'अंदाजे, जडावात मोजलेलं' असा शेरा हवाच.

सराफकट्टा
पाचूची काळजी सोडा. रत्ती दोन आहेत. राशीरत्नांच्या दुकानात चालते ती साधारण ०.९१ कॅरटची, म्हणून त्यांनी ४.१० सांगितलं. जुनी सोनारी रत्ती १२१.५ मिलिग्रॅमची, तोळ्याला ९६. ती कॅरटमध्ये ०.६०७५. साडेचारने गुणा: २.७३. पुडीवर लिहिणाऱ्याने जुन्या रत्तीत तोललं आहे आणि तुमच्या काट्याशी फरक एका शतांशाचाच आहे. ती पुडी टाकू नका, फोटो काढून मूल्यांककाला द्या. तीन पेढ्यांवर भाव रत्तीवर मिळाला होता की कॅरटवर, ते मात्र आठवून पाहा.

गोदाकाठ
दोघांनी रत्तीवर, एकाने कॅरटवर. वजन तिघांपैकी एकानेही केलं नव्हतं, पुडी वाचूनच बोलले. गुरुवारी जडावाच्या कारागिराकडे तिघंही जातोय, काटा आणि कॅलिपर सोबत घेऊन.